सगळ्या कमिट्यांतले काका

गणपती मंडळात दहा जण आहेत असं धरा, दरवर्षी तिघांची कमिटी बसते, आणि नियम एकच की कुठल्याही दोन वर्षांच्या कमिट्या घेतल्या तरी त्यांच्यात निदान एक माणूस कॉमन पाहिजे, म्हणजे पावतीपुस्तकं कुठे ठेवलीत आणि मांडववाल्याचे किती द्यायचे राहिलेत हे माहीत असलेलं कोणीतरी कायम असतंच. एकदा बसलेली कमिटी परत जशीच्या तशी बसवायची नाही. तर मंडळ किती वर्षं चालेल?

दहातून तिघं निवडायचे एकूण १२० प्रकार. त्यातले किती वापरता येतील? पहिली आयडिया सगळ्यांना सुचते तीच, एक काका पकडा आणि त्यांना प्रत्येक कमिटीत घाला. उरलेल्या नऊंतून दोघं निवडायचे, ३६ प्रकार, म्हणजे ३६ वर्षं निवांत. मग वाटतं की एवढी आळशी आयडिया सगळ्यात भारी कशी असेल, काहीतरी हुशार करून ४० तरी काढू. उदाहरणार्थ तीन खास माणसं ठरवा आणि प्रत्येक कमिटीत त्यातले निदान दोघं हवेत असं म्हणा, कुठल्याही दोन कमिट्यांत एक तरी कॉमन येणारच. मोजलं तर २२. काका बरे.

आणि खरंच काकाच बरे, ३६ च्या वर जाताच येत नाही. यालाच एर्डोश-को-राडो थिअरम म्हणतात. गणिताच्या भाषेत कमिटी म्हणजे सेट, कमिट्यांची यादी म्हणजे फॅमिली, आणि यादीतले कुठलेही दोन सेट एकमेकांना छेदत असतील तर ती इंटरसेक्टिंग फॅमिली. नववीच्या पुस्तकात पहिलाच धडा संच असतो, त्यातलं छेदसंच आणि रिकामा संच एवढं आठवत असेल तर पुढचं सगळं वाचता येईल. काकांच्या यादीला स्टार म्हणतात, मी पण तेच म्हणेन.

मी गणितात एमएस्सी केलं आणि मग सगळ्यांसारखी सॉफ्टवेअरला लागले, पण हा एक विषय काही सुटला नाही, कारण यातले प्रश्न लिफ्टमध्ये कोणालाही सांगता येतात आणि त्यातले कित्येक पन्नास-पन्नास वर्षं तसेच पडून आहेत. आणि वाचता वाचता माझं असं मत झालंय की हे सगळे उघडे प्रश्न म्हणजे एकाच प्रश्नाचे अवतार आहेत, काका कधी जिंकतात आणि कधी हरतात?

आधी जिंकतात त्याचं प्रूफ, कारण ते इतकं सुंदर आहे की न सांगता पुढे जाववत नाही. जुला कातोना नावाच्या हंगेरियन माणसानं १९७२ साली दिलं. दहा जणांना गोल करून बसवा. आता फक्त सलग शेजारी बसलेल्या तिघांच्या कमिट्या बघा, गोलात अशा दहाच असतात. यातल्या किती आपल्या यादीत एकत्र राहू शकतात? समजा अ, ब, क ही एक सलग कमिटी यादीत आहे. तिला छेदणारी दुसरी कुठलीही सलग कमिटी एकतर अ वर संपते, किंवा ब पासून सुरू होते, किंवा ब वर संपते, किंवा क पासून सुरू होते. पण अ वर संपणारी आणि ब पासून सुरू होणारी या दोघींत कॉमन कोणीच नाही, म्हणजे त्यातली एकच यादीत चालेल, तसंच ब वर संपणारी आणि क पासून सुरू होणारी यातली पण एकच. म्हणजे जास्तीत जास्त १ + १ + १ = ३. कसंही बसवा, दहातल्या तीनच्या वर नाही. आणि सगळ्या शक्य बैठका घेतल्या तर प्रत्येक तिघांना सलग बसायचा चान्स सारखाच मिळतो, तर एकूणातही १२० च्या दहातले तीन, म्हणजे ३६. संपलं!

(एक अट गुपचूप वापरली, की माणसं कमिटीच्या दुप्पट तरी हवीत, नाहीतर गोलाच्या पलीकडून त्या दोन कमिट्या परत भेटतील. पाच जणांतून तिघं निवडले तर कुठल्याही दोन कमिट्या छेदणारच, तिथे प्रश्नच नाही.)

या थिअरमची स्टोरी पण मजेशीर आहे. तिघांनी हे १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये सिद्ध केलं आणि छापलं १९६१ मध्ये, तेवीस वर्षांनी! पॉल एर्डोश हंगेरीहून मँचेस्टरला आलेला, चाओ को चीनहून तिथेच मॉर्डेल या गणितज्ञाकडे पीएचडीला आलेला, आणि रिचर्ड राडो ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये जर्मनी सोडून इंग्लंडला आलेला. म्हणजे तिघांतला एकही इंग्लंडचा नाही. १९३८ ला को चीनला परत गेला, एर्डोश अमेरिकेला गेला, राडो तिथेच राहिला. उशीर का, तर एर्डोशनं नंतर सांगितलं की तेव्हा कॉम्बिनेटोरिक्समध्ये, म्हणजे या असल्या निवडी मोजायच्या गणितात, कोणाला फार इंटरेस्टच नव्हता. आज त्या एका पेपरवर अख्खी पुस्तकं आहेत.

१९६७ ला हिल्टन आणि मिल्नर यांनी विचारलं की बरं, काका नकोतच, सगळ्या कमिट्यांत कॉमन असा कोणीही नसला पाहिजे, मग जास्तीत जास्त किती? आपल्या दहा-तीनच्या मंडळात उत्तर २२ येतं. म्हणजे ३६ वरून एकदम २२ वर आपटतो, मध्ये काहीच नाही. २३ कमिट्या झाल्या की काका आहेतच, कोणीतरी मान्य करो न करो.

इथपर्यंत काकांचं राज्य आहे. आता त्यांना हरवू.

नियम जरा कडक करा, कुठल्याही दोन कमिट्यांत निदान दोन माणसं कॉमन पाहिजेत. आता स्टार म्हणजे काका आणि काकू, दोघंही प्रत्येक कमिटीत. आठ जणांतून चौघांची कमिटी घ्या. काका-काकू फिक्स, उरलेल्या सहातून दोघं, १५ कमिट्या. पण त्याऐवजी चार खास माणसं ठरवा आणि प्रत्येक कमिटीत त्यातले निदान तिघं घ्या. चारातले तिघं निवडायचे ४ प्रकार, बाहेरच्या चारातला एक, १६, आणि ते चौघंच अशी अजून एक, १७. कुठल्याही दोघींत दोन तरी कॉमन येतातच, स्वतः लिहून बघा. १७ विरुद्ध १५, काका-काकू हरले!

माणसं वाढवली की ते परत येतात पण. नऊ जण असतील तर दोन्हीकडे २१, बरोबर टाय, आणि दहा जणांत काका-काकू २८ आणि चारातल्या-तिघांची यादी २५. टाय नऊलाच होतो हा योगायोग नाहीये, रिचर्ड विल्सननं १९८४ मध्ये नेमकी ही सीमारेषा सगळ्या आकड्यांसाठी दाखवली की कुठून पुढे स्टार कायम जिंकतो. रेषेच्या अलीकडे काय होतं ते त्या १९६१ च्या पेपरमध्येच एका खास केसमध्ये विचारलं होतं, एकूण माणसं चारच्या पटीत, कमिटी बरोबर निम्म्यांची, कॉमन निदान दोन. आपलं आठ-चारचं उदाहरण म्हणजे त्यातलंच छोटं पिल्लू. पीटर फ्रँकलनं सगळ्या केसेससाठी अंदाज मांडला आणि शेवटी १९९७ मध्ये रुडॉल्फ आल्स्वेडे आणि लेव्हॉन खाचात्रियान यांनी अख्खं प्रकरण सोडवलं. हा दरवाजा बंद झाला. मी हे मुद्दाम सांगतेय कारण पुढचे दरवाजे उघडे आहेत आणि त्यांच्याबद्दल पण लोक असंच म्हणतात, की उत्तर काय असणार ते माहितीये, फक्त सिद्ध होत नाहीये.

पहिला उघडा, एर्डोश मॅचिंग कंजेक्चर (कंजेक्चर म्हणजे अजून सिद्ध न झालेला अंदाज), १९६५. आता नियम सैल करा. दोन कमिट्या एकमेकींना अजिबात ओळखत नसतील तरी चालेल, पण अशा तीन कमिट्या नकोत की ज्यांच्यात कुठल्याही दोघींत कॉमन कोणीच नाही. मग दोन उमेदवार समोर येतात. एक म्हणजे दोन काका, प्रत्येक कमिटीत दोघांपैकी एक तरी. दुसरा उमेदवार अगदी वेगळा, फक्त आठच माणसं वापरा आणि त्यांच्या सगळ्या कमिट्या घ्या, कारण तीन पूर्ण वेगळ्या तिघांच्या कमिट्यांना नऊ माणसं लागतात आणि आपल्याकडे आठच आहेत. मंडळात नऊ जण असतील तर पहिल्याच्या ४९ आणि दुसऱ्याच्या ५६. दहा झाले की पहिल्याच्या ६४, दुसऱ्याच्या ५६ च. एक माणूस आला आणि निकाल फिरला. एर्डोशचं म्हणणं एवढंच की या दोघांतला जो मोठा तोच उत्तर, तिसरा कोणी उमेदवार नाही.

दोघादोघांच्या कमिट्यांसाठी हे एर्डोश आणि गालाई यांनी १९५९ मध्येच केलं होतं, तिघांसाठी फ्रँकलनं पूर्ण केलं (मोठ्या आकड्यांसाठी त्याआधी लुचाक आणि म्येचकोव्स्का यांनी). चौघांपासून पुढे मात्र अजून मधला पट्टा शिल्लक आहे. माणसं भरपूर असली की काका जिंकतात हे माहितीये, फ्रँकलनं २०१३ मध्ये हे 'भरपूर' बरंच खाली आणलं आणि मग कुपाव्स्कीबरोबर अजून खाली आणलं, आणि माणसं अगदी काठोकाठ असली की दुसरा उमेदवार जिंकतो हे पण बरंचसं माहितीये. जिथे दोघं जवळजवळ बरोबरीत आहेत तिथे कोणाचंच काही चालत नाही. सगळी मेथड्स एका उमेदवाराच्या बाजूनं झुकलेली असतात, आणि टायच्या आसपास झुकून चालत नाही ना.

हा पीटर फ्रँकल म्हणजे एक अजब माणूस आहे, हंगेरीत जन्मला, फ्रान्सला गेला आणि मग जपानमध्ये जाऊन टीव्हीवरचा सेलिब्रिटी झाला, रस्त्यावर जगलिंगचे खेळ करतो, आणि या विषयातला कुठलाही पेपर उघडा, दर दोन पानांनी त्याचं नाव येतंच.

ग्राफमध्ये पण हाच खेळ चालतो. ग्राफ म्हणजे काही ठिपके आणि त्यातल्या काही जोड्यांना जोडणाऱ्या रेघा. ठराविक ठिपके घ्या आणि त्यांच्यावरचे सगळे शक्य ग्राफ. आता यादी अशी पाहिजे की कुठल्याही दोन ग्राफांच्या कॉमन रेघांत एक पूर्ण त्रिकोण सापडला पाहिजे. स्टार म्हणजे एक त्रिकोण फिक्स करा आणि तो असलेले सगळे ग्राफ घ्या, तीन रेघा सक्तीच्या म्हणून एकूण ग्राफांच्या एक अष्टमांश. सिमोनोविट्स आणि शोश यांनी सत्तरच्या दशकात म्हटलं की हेच बेस्ट, आणि २०१२ मध्ये एलिस, फिल्मस आणि फ्रीडगुट यांनी ते खरं आहे हे दाखवलं, फूरिए अ‍ॅनालिसिस (लाटा आणि सिग्नल उलगडायचं गणित) वापरून, जे इथे कुठून आलं असं पहिल्यांदा वाचताना वाटतं. पण त्रिकोणाऐवजी तीन रेघांची साधी सरळ साखळी घ्या, तिथेही स्टार एक अष्टमांशच, म्हणजे १२८ तले १६, आणि ख्रिस्तोफिदेसनं १२८ तले १७ वाली यादी बनवून दाखवली. एकानं हरला काका. साखळीत हरतो, त्रिकोणात नाही, चार ठिपक्यांच्या पूर्ण ग्राफमध्येही (चारही ठिपके एकमेकांना जोडलेले) नाही (ते बर्जर आणि झाओ यांनी केलं), पण कुठल्या आकृतीत हरेल आणि कुठल्या नाही याचा एकच नियम अजून कोणाकडे नाही.

आता आपल्या मुंबईशी खरंखुरं नातं असलेला प्रश्न. १९८८ साली मनिकम, मिक्लोश आणि टीआयएफआरमधले (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) एन. एम. सिंघी यांच्या नावानं एक कंजेक्चर आलं, आणि ते वाचल्यावर वाटतं हे कुठलं इंटरसेक्टिंग, इथे तर नुसता जमाखर्च आहे. मंडळातल्या प्रत्येकाच्या नावावर काही रक्कम आहे, कोणाची जमा, कोणाची उधारी, पण सगळ्यांची बेरीज शून्य किंवा जास्त. आता तिघातिघांचे गट करून बघा, किती गटांची बेरीज शून्य किंवा जास्त येते, कमीत कमी किती तरी? काकांना परत बोलवा, काकांकडे ९ रुपये जमा, बाकी नऊ जणांची प्रत्येकी १ रुपया उधारी. काका ज्या गटात आहेत तो प्लसमध्ये, बाकी सगळे मायनसमध्ये. ३६ गट. तोच आकडा! कंजेक्चर म्हणतं की याहून कमी होऊच शकत नाही, फक्त माणसं गटाच्या निदान चौपट हवीत.

चौपट का? आपल्या दहा-तीनमध्येच बघा. तिघांची प्रत्येकी ७ उधारी, सात जणांकडे प्रत्येकी ३ जमा. एकूण शून्य. उधारीवाला एक जरी आला तर ३ + ३ - ७ = -१, गेला मायनसमध्ये. म्हणजे फक्त जमावाल्या सातातले तिघं, ३५ गट. एकानं कमी, काका हरले! दहा हे तीनच्या चौपट नाहीत म्हणून कंजेक्चर वाचलं. मला हे उदाहरण प्रचंड आवडतं, कारण ३५ आणि ३६ एवढ्या जवळ असणं हेच सांगतं की इथे ढोबळ अंदाजानं काही होणार नाही.

सात जणांपर्यंतच्या गटांसाठी हे सिद्ध झालंय (हार्टके आणि स्टोली, कॉम्प्युटरच्या मदतीनं). मोठ्या गटांसाठी अलोन, हुआंग आणि सुदाकोव्ह यांनी २०१२ मध्ये दाखवलं की माणसं गटाच्या आकड्याच्या वर्गाच्या ३३ पट असली तर चालतं, आणि मग अलेक्सी पोक्रोव्हस्कीनं वर्ग काढून टाकला, साधी पट पुरते म्हणाला, फक्त ती पट म्हणजे एकावर ४६ शून्यं. चार पाहिजे, हातात एकावर ४६ शून्यं. हसू येतं, पण वर्गातून सरळ पटीवर येणं ही खरी उडी होती, आकडा नंतर कोणीतरी कमी करेलच.

काकांना पूर्ण हाकलून दिलं तर काय, हा एर्डोश आणि लोवास यांचा १९७५ चा प्रश्न. तिघांच्या कमिट्या, कुठल्याही दोन छेदतात, पण कुठलेही दोघं मिळूनही सगळ्या कमिट्यांत पोचत नाहीत. सगळ्यात देखणं उदाहरण फानो प्लेन, सात माणसं, सात कमिट्या, कुठल्याही दोघींत बरोबर एक कॉमन. तिघांसाठी अशा जास्तीत जास्त १० कमिट्या होतात. कमिटी मोठी होत गेली की जास्तीत जास्त किती, याला लोवासनं एक उत्तर सुचवलं होतं, ते १९९६ ला फ्रँकल, ओता आणि तोकुशिगे यांनी मोडलं, आणि तेव्हापासून खालचा आकडा आणि वरचा आकडा यांच्यात एवढं अंतर आहे की त्याला अंदाज म्हणायची पण लाज वाटावी. कमीत कमी किती कमिट्यांत हे जमतं त्याचं बरं आहे, जेफ काननं १९९४ मध्ये दाखवलं की कमिटीच्या आकाराच्या ठराविक पटीत जमतं, फक्त ती पट नेमकी किती ते बाकी आहे.

फानोचे मोठे भाऊ म्हणजे प्रोजेक्टिव्ह प्लेन, आणि ते सगळ्या आकारांत मिळत नाहीत हीच इथली डोकेदुखी. अकरा-अकरांच्या कमिट्यांचं असं प्लेन नाहीच हे १९८९ ला कॉम्प्युटरनं शोधून संपवलं, तेरा-तेरांचं आहे की नाही ते अजून उघडंय. त्याच अकराच्या प्लेनशी नातं असलेली गोष्ट म्हणजे दहा बाय दहाचे लॅटिन स्क्वेअर, प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत दहाही चिन्हं एकेकदाच असलेले चौकोन. एकावर एक ठेवले तर चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच येईल अशी दोन चौकोनांची जोडी असते हे १९५९ मध्ये बोस, पार्कर आणि शरद्चंद्र श्रीखंडे यांनी दाखवून ऑयलरचा पावणेदोनशे वर्षं जुना अंदाज खोटा पाडला होता, आणि हे श्रीखंडे नागपुरात शिकलेले, नंतर मुंबई विद्यापीठात गणित विभाग चालवणारे. आपल्याकडे त्यांचं नाव कितीजणांना माहीत असेल कोण जाणे.

आता जो प्रश्न मला खरंच झोपू देत नाही तो. वाचलाव च्वाटाल... सॉरी, ऑटोकरेक्ट. वात्स्लाव च्वाटाल. हा प्रागचा, १९६८ ला सोव्हिएत फौजा घुसल्यावर देश सोडून कॅनडाला गेला. त्याचा १९७४ मध्ये छापलेला प्रश्न असा. आता कमिट्या कितीही मोठ्या-छोट्या असू देत, पण मंडळाकडे मान्य कमिट्यांची एक यादी आहे आणि तिचा एकच गुण आहे, एखादी कमिटी मान्य असेल तर तिच्यातून कोणालाही वगळून उरलेली पण मान्य. याला डाऊनसेट म्हणतात. त्या मान्य यादीतून सगळ्यात मोठी इंटरसेक्टिंग यादी काढायची. च्वाटाल म्हणतो की यादी कशीही वेडीवाकडी असो, कोणीतरी एक काका सापडतीलच की ज्यांचा स्टार सगळ्यात मोठ्याच्या बरोबरीचा आहे. बस. इतका साधा प्रश्न आणि पन्नास वर्षं झाली.

सोप्या केसेस झटकन होतात. दहा जणांतल्या तीनपर्यंतच्या सगळ्या कमिट्या मान्य असतील तर एकेकट्यांच्या कमिट्यांत जास्तीत जास्त १, दोघांच्यात ९, तिघांच्यात ३६, बेरीज ४६, आणि एकाच काकांचा स्टार तिन्ही ठिकाणी मॅक्स देतो. सगळ्याच १०२४ मान्य असतील तर प्रत्येक कमिटी आणि तिच्या बाहेरचे लोक यातली एकच घेता येते, म्हणून ५१२, आणि काका पण ५१२.

पण इथेच मला खटकतं. सगळ्या कमिट्या मान्य असल्या की काकांशी बरोबरी करणारे ढिगानं आहेत. पाच जणांत बघा, बहुमताच्या सगळ्या कमिट्या, म्हणजे तीन किंवा जास्त माणसांच्या, १० + ५ + १ = १६, कुठल्याही दोन छेदतात, आणि काकांच्या पण १६. टाय. म्हणजे वरून दोन-चार कमिट्या अशा हिशोबानं अमान्य करायच्या की काकांचं जास्त नुकसान होईल आणि बहुमतवाल्यांचं कमी, झालं, कंजेक्चर खोटं. करून बघा. पाचांची कमिटी उडवा, दोघांचं एकेक गेलं, १५-१५. आता चौघांची एक उडवा, बहुमतवाले १४, पण त्या चौघांत जो नव्हता त्याच्या स्टारला धक्काच लागला नाही, तो १५ वरच. मग चौघांच्या सगळ्या उडवा, प्रत्येक काका चारचार गमावतात आणि ११ वर येतात, बहुमतवाले पाच गमावून १०. दरवेळी कोणीतरी एक काका वाचतातच! का वाचतात याचं एकच कारण सगळीकडे चालत नाही, प्रत्येक वेळी वेगळं कारण, आणि म्हणूनच प्रूफ नाही.

फानोनं पण हरवता येतं का बघितलं जातंच सगळ्यांकडून. फानोच्या सात कमिट्या, त्यांना रेघा म्हणतात, आणि त्यांचे सगळे उपसंच, रिकामा धरून ३६ कमिट्या. सातही रेघा घेतल्या तर ७, आणि त्यात कुठलीही जोडी वाढवता येत नाही कारण प्रत्येक जोडी दोन रेघांना चुकते. एका माणसाचा स्टार, ३ रेघा, ६ जोड्या, तो एकटा, १०. काका आरामात.

क्लोद बर्जनं एवढं दाखवलं की कुठल्याही डाऊनसेटमधल्या कमिट्यांच्या एकमेकींना न छेदणाऱ्या जोड्या लावता येतात (फार तर रिकामी एक सुटी राहते), म्हणून इंटरसेक्टिंग यादी निम्म्याच्या वर जात नाही. पण फानोमध्ये निम्मे म्हणजे १८ आणि खरं उत्तर १०, तर निम्म्यानं भागत नाही. कमिट्या तिघांपर्यंतच असतील तर सिद्ध झालंय, ज्यांत अजून कोणालाही घालता येत नाही अशा सगळ्या कमिट्यांत एक माणूस कॉमन असेल तर झालंय, स्नेव्हिलीनं १९९२ मध्ये अजून एक मोठा प्रकार उरकला, तिथे एका माणसाचं वजन इतकं असतं की कोणाच्याही जागी त्याला बसवलं तरी कमिटी मान्यच राहते. २०१८ मध्ये फ्रीडगुट, कान, कलाई आणि केलर यांनी हे सगळं प्रोबॅबिलिटीतल्या कोरिलेशनच्या (दोन गोष्टी एकत्र घडायचा कल किती त्याच्या) भाषेत मांडलं आणि त्याहून कडक कंजेक्चर्स सुचवली, मला ती वाट सगळ्यात आशेची वाटते, कारण कडक वाक्य कधीकधी सोपं पडतं, आणि खोटं असेल तर ते लवकर मोडतं, ते पण फायद्याचंच.

आणि कॉम्प्युटर? सात जणांपर्यंत कंजेक्चर खरं आहे हे आयफ्लर, ग्लाइक्सनर आणि पुलाय यांनी २०२२ मध्ये इंटीजर प्रोग्रॅमिंगनं (पूर्णांकांतच सगळ्यात चांगलं उत्तर शोधायच्या पद्धतीनं) दाखवलं, आणि त्यातलं मला आवडलेलं म्हणजे त्यांनी फ्लोटिंग पॉइंटवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या अंदाजे दशांश आकड्यांवर, विश्वास ठेवला नाही, सगळं अपूर्णांकांत अचूक केलं आणि वर सर्टिफिकेट दिलं जे दुसऱ्या प्रोग्रॅमनं तपासता येतं. सात ऐकायला कमी वाटतं, पण सात जणांवरचे डाऊनसेट २,४१४,६८२,०४०,९९८ आहेत, म्हणजे २ लाख ४१ हजार कोटींच्या वर, एकेक बघत बसून होणारं काम नाही ते. आठ जणांसाठी हा आकडा तेवीस अंकी होतो. माझा स्वतःचा कल, कोणी विचारलं नाहीये तरी, असा आहे की मॅचिंग कंजेक्चर खरं निघेल, सिंघींचं पण खरं निघेल, आणि च्वाटालचं कुठेतरी दहा-बारा जणांच्या आसपास एखाद्या कुरूप, कुठलीही सिमेट्री नसलेल्या डाऊनसेटमध्ये मोडेल, एका कमिटीच्या फरकानं.